वाचलेलं लक्षात का राहत नाही? स्मृतीचं काम समजून घ्या आणि मग अभ्यासाला बसा

एखादं प्रकरण तीनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, सगळं समजल्यासारखं वाटलं. आणि चार दिवसांनी कुणी विचारलं तर दोन वाक्यांपुढे गाडी जाईना. अशा वेळी बहुतेक जण ‘माझी स्मरणशक्तीच कमी’ म्हणून मोकळे होतात. पण या माणसाने चार दिवसांत सराव कशाचा केला? वाचण्याचा. आणि वेळ आली तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा होती आठवून सांगण्याची. मेंदूच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी कामं आहेत. हा फरक नीट कळला की अभ्यासाची पद्धत आपोआप बदलते. म्हणून खाली प्रत्येक पायरीवर आधी स्मृती कशी काम करते ते सांगितलं आहे आणि मग काय करायचं ते.

पायरी १: अडतंय कुठे ते आधी शोधा

मानसशास्त्रात स्मृतीचे तीन टप्पे मानतात. माहिती मनात नोंदली जाते, ती टिकून राहते आणि गरजेच्या वेळी परत मिळते. यातला कुठलाही टप्पा फसला तरी आपण एकच म्हणतो, ‘विसरलो’. उपाय मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

एक साधी चाचणी घ्या. जी गोष्ट आठवत नाही तिच्याबद्दल कुणाला तरी छोटासा इशारा द्यायला सांगा, पहिलं अक्षर किंवा आधीचा मुद्दा. इशारा मिळताच झटकन आठवलं, तर गोष्ट आत आहे, फक्त बाहेर काढण्याचा सराव नाही. पूर्ण उत्तर ऐकूनही ‘हे मी कधी वाचलं?’ असं वाटलं, तर ती मुळात नोंदलीच गेली नव्हती. आणि वाचल्याच्या दिवशी धडाधड सांगता येत होतं पण आठवड्याभराने पुसट झालं, तर उजळणी चुकीच्या वेळी झाली किंवा झालीच नाही. पुढच्या पायऱ्यांपैकी आपल्याला कुठली लागू आहे, ते यावरून ठरवा.

पायरी २: नोंद होऊ द्या

डोळ्यांसमोरून गेलेलं सगळं मनात उतरतं, हा मोठा गैरसमज आहे. रेमंड निकरसन आणि मर्लिन अ‍ॅडम्स यांनी १९७९ साली अमेरिकन लोकांना त्यांचं एक सेंटचं नाणं आठवणीतून काढायला सांगितलं. आयुष्यभर हाताळलेलं नाणं, तरी त्यावर काय कुठे आहे हे बहुतेकांना नीट दाखवता आलं नाही. नाणं ओळखण्यापुरता त्याचा रंग आणि आकार पुरतो, बाकीच्याकडे कुणी लक्षच दिलेलं नसतं.

त्यामुळे चावी कुठे ठेवली, गॅस बंद केला की नाही, हे आठवत नसेल तर घाबरू नका. हात यंत्रासारखे चालत होते आणि मन दुसरीकडे होतं. अशा कामांच्या वेळी क्षणभर थांबून ‘चावी टेबलावर, पुस्तकाच्या डाव्या बाजूला’ असं तोंडाने म्हणा. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मन एका कामावरून दुसऱ्यावर नेऊन परत आणताना दर वेळी काहीतरी गळतं, आणि जे गळतं त्याची नोंदच होत नाही.

पायरी ३: एका वेळी थोडंच घ्या

आत्ता या क्षणी मनात जे धरून आपण विचार करतो, त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली: शब्द मनातल्या मनात घोळवत ठेवणारा एक भाग, चित्रं आणि जागा सांभाळणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचं हे ठरवणारा तिसरा. ही जागा फार लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातच्या आसपास घटकांची मर्यादा सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन ती चारच्या आसपास आणली. आणि इथला मुक्कामही क्षणाचाच. १९५९ मध्ये लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना तीन अक्षरं सांगून लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. अठरा सेकंदांत ती तीन अक्षरंही बहुतेकांच्या हातून निसटली होती.

ही मर्यादा ताणता येत नाही, पण तिला वळसा घालता येतो. सुटे घटक जोडून त्यांचा एक अर्थपूर्ण गट केला की तो गट एकाच घटकाची जागा घेतो. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने दोनशेहून जास्त तासांच्या सरावात सात आकड्यांवरून एकोणऐंशी आकड्यांपर्यंत मजल मारली (१९८०). तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. त्यालाच आकड्यांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहावर आला. स्मरणशक्ती सर्वसाधारणपणे वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या खेळांकडे पाहताना हा प्रयोग आठवावा. वाढलं होतं ते त्याचं आकड्यांचं कसब. जो विषय लक्षात ठेवायचा आहे, सराव त्याचाच करावा लागतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: नवा भाग शिकताना तीन-चार नव्या कल्पनांवर थांबा. त्या एकमेकींत गुंफल्या की पुढे जा. गणित सोडवताना मधले आकडे डोक्यात न धरता कागदावर उतरवा, म्हणजे ती लहानशी जागा विचारासाठी मोकळी राहते.

पायरी ४: अर्थ लावा

फर्गस क्रेक आणि एंडेल टल्व्हिंग यांनी १९७५ साली लोकांना शब्द दाखवले आणि प्रत्येक शब्दावर एक प्रश्न विचारला. कधी तो इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत आहे का, कधी अमुक शब्दाशी त्याचं यमक जुळतं का, तर कधी या वाक्यात तो बसेल का. नंतर अचानक परीक्षा घेतली, तर ज्या शब्दांच्या अर्थाचा विचार करावा लागला होता ते सर्वांत जास्त लक्षात होते. पाठ करा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. ‘मला हे लक्षात ठेवायचंच आहे’ हा निश्चय तसा दुबळा असतो. त्या माहितीचं तुम्ही प्रत्यक्षात काय करता, यावर सारं ठरतं. घोकंपट्टीत आवाज घुमत राहतो आणि अर्थाला हातच लागत नाही, म्हणून ती इतके कष्ट घेऊन इतकं थोडं देते.

एक उदाहरण जवळून पाहू. हृदयातल्या रक्ताचा मार्ग पाठ करायचा आहे: उजवं अलिंद (वरचा कप्पा), उजवं निलय (खालचा कप्पा), फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी. ही यादी दहा वेळा म्हटली तर आज येईल, आणि पुढच्या आठवड्यात उजवं-डावं यांची सरमिसळ होईल. आता तिला प्रश्न विचारू. रक्त आधी फुप्फुसांकडे का जातं? कारण शरीरातून परत आलेल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, तो घेतल्याशिवाय ते पुन्हा शरीराला देऊन उपयोग नाही. मग हृदयात परत का येतं, फुप्फुसांतून थेट शरीरात का जात नाही? कारण फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्यांतून जाताना दाब कमी झालेला असतो, आणि पायांपासून मेंदूपर्यंत पोचायला नवा जोर हवा. मग डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का, हे आता पुस्तकात बघायची गरजच उरत नाही. उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं, डाव्याला सगळ्या शरीरात. सहा नावांची यादी आता कारणांनी बांधली गेली. एक दुवा निसटला तरी शेजारचा त्याला ओढून आणतो.

प्रत्येक परिच्छेदानंतर ‘असं का?’ आणि ‘हे नसतं तर काय झालं असतं?’ हे दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. वेग निम्म्यावर येईल. येऊ द्या.

ज्यांना मुळात अर्थच नाही अशा गोष्टींसाठी, म्हणजे अनोळखी नावं, सुट्या याद्या, क्रम यांसाठी, प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली जागांची पद्धत आहे. ओळखीच्या घरातून मनाने फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी यादीतली एकेक वस्तू चमत्कारिक रूपात ठेवत जायचं. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्मरणस्पर्धांतल्या अव्वल खेळाडूंचा अभ्यास केला (२००३), तेव्हा त्यांची बुद्धी किंवा मेंदूची रचना इतरांपेक्षा वेगळी आढळली नाही. ते जवळपास सगळेच ही पद्धत वापरत होते. पण विषय समजून घ्यायचा असेल तिथे ही पद्धत कामाची नाही.

पायरी ५: पुस्तक मिटा आणि आठवा

या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचलेल्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यांना ५६.

या आकड्यांत पहिली जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते. पाच मिनिटांनी चुकीची पद्धतच बरोबर ठरते. पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटतं, डोळे सरसर फिरतात, आणि या ओळखीलाच आपण ‘येतंय’ समजतो. कष्टाने आठवताना मात्र अडखळायला होतं आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. म्हणून माणसं वर्षानुवर्षं खोट्या समाधानाची वाट धरतात. अडखळणं हे शिकणं चालू असल्याचं लक्षण आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

पद्धत अशी. एक भाग वाचा. पुस्तक मिटून बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या. आठवेल ते लिहा. क्रम नसला, वाक्यं अर्धवट राहिली, आकृती वेडीवाकडी आली तरी चालेल. दोन-तीन मिनिटांत हात थांबेल. इथेच पुस्तक उघडण्याचा मोह होतो. तो आवरा आणि आणखी थोडा वेळ कागदाकडे बघत बसा. या वेळात पुष्कळदा एखादा मुद्दा वर येतो, आणि नाही आला तरी प्रयत्न वाया जात नाही. आधी शोधून न सापडलेलं उत्तर नंतर वाचलं की ते पक्कं बसतं. मग पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं भरा, चुकलेलं दुरुस्त करा. दुरुस्ती टाळू नका, नाहीतर चूकच पाठ होते. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या रंगातल्या मजकुरापासून सुरुवात करा.

लिहायचा कंटाळा असेल तर मोठ्याने सांगा, समोर कुणी असो वा नसो. प्रश्न-उत्तरांच्या चिठ्ठ्याही चालतात, अट एवढीच की उत्तर मनात तयार झाल्याशिवाय चिठ्ठी उलटायची नाही.

पायरी ६: थोडं विसरू द्या, मग उजळणी करा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचा. वीस मिनिटांनी साधारण ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने जेमतेम एक तृतीयांश, महिन्याने एक पंचमांश. म्हणजे घसरण सुरुवातीला तीव्र, नंतर मंद. हे आकडे आज कुठल्याही शिक्षणाला सरसकट चिकटवले जातात, ते बरोबर नाही. ते एका माणसाचे आणि निरर्थक अक्षरांचे आहेत. समजून शिकलेलं याहून बरंच हळू पुसटतं. घसरणीच्या या वक्राचा आकार मात्र पुढे वारंवार तसाच आढळला आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक निरीक्षण आहे. आदल्या एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांचं फळ, तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांतून मिळालं. जवळजवळ निम्म्या कष्टात तेच काम!

दोन उजळण्यांत अंतर किती ठेवायचं? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर हेच तपासलं. आठवड्याने लागणाऱ्या गोष्टीसाठी अंतर त्या काळाच्या २० ते ४० टक्के असलेलं सर्वांत चांगलं, वर्षाने लागणाऱ्या गोष्टीसाठी ५ ते १० टक्के. सोप्या भाषेत, आठवड्याने परीक्षा असेल तर दीड-दोन दिवसांनी उजळणी. वर्षभर टिकवायचं असेल तर तीन ते पाच आठवड्यांनी. मी सांगेन ते वेळापत्रक असं: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. प्रत्येक वेळी पाचव्या पायरीतला कोरा कागद. नुसतं वाचून ही उजळणी होत नाही.

पायरी ७: झोप कापू नका

दिवसभर शिकलेलं आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावर अवलंबून असतं. गाढ झोपेत तिथल्या चेतापेशींच्या हालचाली पुन्हा घडतात आणि आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरांत हळूहळू स्थिरावतात. १९२४ मध्येच जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दाखवलं होतं, की तितकेच तास जागं राहण्यापेक्षा झोपल्यावर विसरणं कमी होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळवलेले चार तास दुहेरी नुकसान करतात: शिकलेलं पक्कं होत नाही आणि दुसऱ्या दिवशी लक्षही लागत नाही. कठीण भाग संध्याकाळी घ्या, झोपा, सकाळी उठून कागदावर उतरवा.

पायरी ८: कौशल्य हातांना शिकवा

१९५३ मध्ये हेन्री मोलायसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेलं त्यांना जवळपास काहीच लक्षात राहीना. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो अनोळखी. २००८ मध्ये ते वारले तोपर्यंत असंच चाललं. अभ्यासांत त्यांना फक्त ‘एच. एम.’ म्हणत. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात स्पष्टपणे सुधारला. आणि दर वेळी त्यांच्या लेखी हे काम पहिल्यांदाच चाललं होतं! या एका माणसाने दाखवून दिलं की प्रसंग लक्षात ठेवणारी आणि कसब लक्षात ठेवणारी यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे. मानसशास्त्र त्यांचं फार मोठं ऋणी आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की वाद्य, टायपिंग, पोहणं, गणिताची रीत किंवा परभाषेतलं बोलणं, यांचं वर्णन वाचून ते येत नाही. करून पाहावं लागतं. सोडवलेली दहा उदाहरणं वाचण्यापेक्षा तीन स्वतः सोडवा, आणि प्रकार मिसळून सोडवा, म्हणजे कुठे कुठली रीत लावायची हेही शिकणं होतं.

पायरी ९: पुढची कामं प्रसंगाला बांधा

‘नंतर फोन करायचा आहे’ हे लक्षात ठेवणं वेगळ्या प्रकारचं आहे, कारण तिथे विचारणारं कुणी नसतं. पीटर गॉलविट्झर यांनी सुचवलेली रीत साधी आहे: ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’. ‘गोळी वेळेवर घेईन’ ऐवजी ‘रात्री दात घासून ब्रश ठेवला की गोळी घेईन’, आणि गोळीची डबी ब्रशशेजारी. जे कागदावर किंवा गजरावर टाकता येतं, ते तिथेच टाका.

पायरी १०: आठवलं म्हणजे घडलं, असं धरू नका

आठवताना मेंदू तुकडे जुळवतो आणि मोकळ्या जागा स्वतःच्या समजुतीने भरतो. फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे १९३२ मध्येच मांडलं होतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं की गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या पन्नास जणांना त्याच प्रश्नात ‘चक्काचूर झाल्या’ असा जोरकस शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? सौम्य शब्द ऐकलेल्यांपैकी सात जण हो म्हणाले, जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी सोळा. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

म्हणून अपघात, भांडण, महत्त्वाची बैठक यांबद्दलची नोंद त्याच दिवशी करा, इतरांशी चर्चा करण्याआधी. दुसऱ्याला, विशेषतः लहान मुलाला, विचारताना ‘त्याने तुला ढकललं ना?’ असं न विचारता ‘काय झालं, सांग’ एवढंच विचारा आणि थांबा. दोन माणसांच्या आठवणी जुळत नसतील तर त्यातला एक खोटंच बोलतोय असं नाही. ठाम सूर हा पुरावा नव्हे. स्वतःचाही नाही.

विसरणं कधी डॉक्टरांना दाखवायचं

नाव ओठांवर येऊन अडकणं, खोलीत कशासाठी आलो ते न आठवणं, हे वयाबरोबर वाढलं तरी सहसा काळजीचं नसतं. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीचे पैशांचे व्यवहार किंवा रोजचा स्वयंपाक न जमणं, हे वेगळं आहे. अशा वेळी ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, झोपेचे विकार, काही औषधांचे परिणाम यांनीही स्मृती ढासळते, आणि यांवर उपचार आहेत. गोंधळ किंवा विस्मरण अचानक सुरू झालं, सोबत बोलणं अडखळू लागलं, चेहरा वाकडा झाला किंवा हातातलं बळ गेलं, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

तपासणीला जाताना घरातलं माणूस सोबत न्या. आपण काय विसरतो हे विसरणाऱ्याला बहुतेक वेळा सांगता येत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि गेल्या काही आठवड्यांत काय काय घडलं त्याची तारखांसह टिपणं बरोबर ठेवा.